बाविसावा दाणा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, दसऱ्यानंतरच्या सातव्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता, शिरूर तालुक्यात मांडवगण फराट्याबाहेरच्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये विमानाचं एक जुनं इंजिन सोळा मिनिटं चाललं. शेडमध्ये सहा माणसं होती. विमान नव्हतं. इंजिन चालवणारे गृहस्थ दौंडच्या रेल्वे शेडमधून निवृत्त झालेले फिटर होते. धुतलेला पांढरा शर्ट घालून ते इंजिनाच्या बाजूला, तेल उडतं त्याच रेषेत, उभे राहिले होते.

सगळे त्यांना फिटरमामा म्हणत.

हे इंजिन नेहमीच्या इंजिनांसारखं नव्हतं. नेहमीच्या इंजिनात सिलिंडर जागेवर राहतात आणि आतला दांडा फिरतो. इथं दांडा लोखंडी स्टँडला पक्का बोल्ट केलेला होता आणि त्याच्याभोवती नऊ सिलिंडर, पुढच्या लाकडी पंख्यासकट, गरगर फिरत. पहिल्या महायुद्धाच्या काळातली ही रचना. वंगणाला एरंडेल लागे. ते एकदा आत गेलं की टाकीत परत येत नसे. काम करून धुराबरोबर बाहेर पडे आणि चहूकडे उडे. स्टँड उसाच्या जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यातून बनवला होता. मालक बागायतदार होते. पाण्याचा पंप शोधायला म्हणून ते एका भंगारवाल्याकडे गेले आणि हे इंजिन घेऊन आले. ते का घेतलं, याचं उत्तर त्यांनी मला तीन वेळा तीन प्रकारे दिलं.

इंजिन जुळवायला मामांना तीन वर्षं लागली. त्यानंतरचं एक वर्ष गळती शोधण्यात गेलं.

‘गळती’ हा शब्द मामा सहसा वापरत नसत. इंजिनातून बाहेर येणाऱ्या तेलाला त्यांनी तीन नावं दिली होती. चालताना धुराच्या वाटेनं उडतं तो घाम. उभं असताना खालच्या सिलिंडरमधून थेंब थेंब टपकते ती लाळ. आणि सांध्यातून, म्हणजे सिलिंडर जिथं मधल्या डब्याला बसतो तिथून येतं ते रक्त.

“घाम आला म्हून डाक्टर बोलावता का?” ते मालकांना विचारत. मालकांना फरशीवर एक थेंबही नको होता. “लाळ तर झोपलेल्या माणसाची बी गळती. रक्त दिसलं की मला हाक मारा.”

रक्ताची भीती खरी होती. त्या मधल्या डब्यातून तेलाबरोबर पेट्रोलची वाफही जात असे. सांधा सुटला तर आग लागू शकत होती.

अडचण अशी की इंजिन फिरत असताना काहीच दिसत नसे. सुरू झालं की नऊच्या नऊ सिलिंडर नाहीसे होत. त्यांच्या जागी एक पातळ राखाडी चकती उरे आणि तिच्यातून पलीकडची भिंत दिसे, भिंतीवरचं कॅलेंडरही दिसे. पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं होती. त्यांतून येणाऱ्या उन्हाच्या काड्यांमध्ये एरंडेलाचं धुकं तरंगायचं. ते इतकं सावकाश खाली येई की इंजिन बंद होऊन चहा झाला तरी हवेतच असे. वास थोडा गोड, थोडा जळका. सगळ्यांच्या लहानपणीचा, जबरदस्तीनं पाजलेल्या चमच्याचा. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी शेडवरचे गडी हमखास कामावर उशिरा येत आणि कारण कोणी विचारत नसे.

या धुक्यात गळती शोधायची मामांची रीत त्यांची स्वतःची होती. इंजिनाभोवती बांबूच्या चौकटीवर ते मांजरपाटाचा पांढरा पट्टा गोल ताणून बांधत. तेल उडून पट्ट्यावर पडे. पण ते पट्ट्यावर कुठं पडलं याला अर्थ नव्हता, कारण सगळंच फिरत होतं. म्हणून रंग. दर चाचणीला तीन सिलिंडरच्या सांध्यांवर ते तीन लेप लावत: एकावर हळद, एकावर निळ, एकावर काजळी. लेप वाळला की इंजिन सुरू. पट्ट्यावर नुसता फिकट तपकिरी थर आला तर तो घाम. त्यात पिवळे ठिपके दिसले तर हळदीचा सिलिंडर. तीन चाचण्यांत नऊ सिलिंडर तपासून होत. नंतर पट्टा सोडून गुळाच्या ढेपा तोलायच्या काट्यावर तोलायचा. टाकीतून किती गेलं, पट्ट्यावर किती आलं, उरलेलं धुरात. हे सगळं एका वहीत.

रंगांत तांबडा नव्हता. तो असणार नव्हता.

रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेल्या या माणसाला तांबड्याचा एकच अर्थ ठाऊक होता. घरात तांबडी बादली नव्हती, तांबडा कप नव्हता. एकदा दौंडच्या बाजारातून सायकलवर येताना एका गच्चीवर कुणी बाई तांबडं लुगडं झटकत होती. मामा उतरले आणि सायकल धरून उभे राहिले. बाईनं वरून विचारलं, “काय वं मामा, काय पायजे?”

“कायबी न्हाई. तुमचं झटकून व्हऊ द्या.”

हे ऐकून मी हसलो तेव्हा ते म्हणाले, “तांबडं दिसलं की थांबायचं. का, ते मागनं इचारायचं. आधी का इचारणारा पस्तीस वर्सं टिकत न्हाई.”

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाला दौंड-शिरूरच्या बातम्या पाठवत असे. या इंजिनाची बातमीही पाठवली होती. वरच्या मथळ्यात डेस्कनं ‘विमान’ हा शब्द घातला आणि ‘लवकरच उड्डाण’ असंही जोडलं. त्या रविवारी निमोण्यापासून लोक ट्रॅक्टर भरून आले. एकानं भेळेची गाडी लावली. मामांनी शेडचं दार आतून लावून घेतलं आणि फटीतून मला हाक मारली.

“पत्रकार, उडणार आसं कोन म्हनालं?”

“मी नाही. डेस्कनं—”

“डेस्क हितं हाय का? तुम्ही हाय. बाहेर जाऊन सांगा, ह्याला पंख न्हाईत. आन् उद्या तेच छापा.”

मी बाहेर जाऊन सांगितलं. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, “पंख न्हाईत तर न्हाईत, आवाज तरी ऐकवा.” मामांनी आवाजही ऐकवला नाही. दोन नंबरच्या सिलिंडरला तेव्हा रक्त येत होतं.

दोन नंबरचा दोष श्रावणात सापडला. सांध्यात बसणारी तांब्याची रिंग वापरून वापरून कडक झाली होती. तांबं लाल होईतो तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ होतं. वाफेच्या इंजिनांवर मामांनी हे हजार वेळा केलं होतं, पण या रिंगा नव्या आहेत असं त्या देणाऱ्या लेथवाल्यानं शपथेवर सांगितल्यामुळं इथं केलं नव्हतं. मग त्यांनी एकेक सिलिंडर उतरवून सगळ्या नऊ रिंगा मऊ करायला घेतल्या. कासुर्डीजवळ हायवेला असलेल्या त्या लेथवाल्याला त्यांनी एवढंच कळवलं, “नवं म्हंजी काय, ते एकदा समोरासमोर बसून ठरवू.”

दुपारी ते इंजिनाशेजारी सतरंजी टाकून झोपत. एक हात वर, सिलिंडरवर ठेवलेला. थंड होताना इंजिनाच्या पातळ पाकळ्या टिक टिक वाजत, आधी भरभर, मग लांब लांब. ती टिकटिक संपेपर्यंत मामा जागे असत, संपली की झोपत. कधी कधी ती संपली तरी आपल्याला ऐकू येत राहते, असं ते सांगत. “माझ्या सपनात ह्ये दौंडच्या यार्डात उभं आसतंय. डबं न्हाईत, रूळ न्हाईत. धुकं आन् एरंडेलाचा वास. आन् सिग्नल पिवळा. कवाच हिरवा व्हत न्हाई.”

वाफेची इंजिनं बंद झाली तेव्हा मामांनी वीस वर्षं सांभाळलेलं एक इंजिन रंगवून एका गावच्या बागेत उभं करण्यात आलं होतं. मामा एकदाच ते बघायला गेले. “बायलरमधी कबुतरं राहत्यात,” ते म्हणाले. “बंद इंजिन म्हंजी फोटो.”

हे वाक्य ते त्या वर्षी वारंवार म्हणू लागले, कारण मालकांनी एक निर्णय घेतला होता. जुन्या यंत्रांचे एक जाणकार मुंबईहून दसऱ्यानंतर येणार होते. त्यांच्यासमोर इंजिन पंधरा मिनिटं चाललं आणि सांधे कोरडे राहिले, तर ते शेडमध्येच राहील आणि दर वर्षी फिरवलं जाईल. नाहीतर तेल काढून, सांधे कायमचे चिकटवून ते मुंबईला एका काचेच्या कपाटात जाईल. मालक वाईट माणूस नव्हते. घर शेडला लागून होतं आणि आगीचं भय त्यांनाच होतं.

नवरात्रापर्यंत आठ सिलिंडर कोरडे झाले होते. पाच नंबरचा तेवढा उतरवलेला होता. मधल्या डब्याला त्या जागी वाटीच्या तोंडाएवढं भोक उघडं होतं. मामांनी त्यावर स्वच्छ मांजरपाट ताणून सुतळीनं बांधला, गाठ मारली, सुतळीचं टोक खाली घेतलं आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दौंडहून गाडी पकडली. दर दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीवर जात. तीस वर्षांत त्यांनी हा दिवस चुकवला नव्हता आणि त्या वर्षीही चुकवायचं कारण नव्हतं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी ते परतले. इंजिनाला झेंडूचा हार होता, नऊ सिलिंडरच्या जागांवर हळदीकुंकवाची बोटं होती. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पुजली जातात, त्यात हेही पुजलं गेलं होतं. मामांनी हार काढून खुंटीला अडकवला, कुंकू पुसलं, भोकावरचा कपडा सोडून घडी करून पेटीत ठेवला आणि पाच नंबर बसवला.

तीन दिवसांनी चाचणी झाली. पाच नंबरवर निळेचा लेप होता. इंजिन सुरू होऊन चार मिनिटं झाली असतील. मामा पट्ट्याकडे बघत होते. अचानक त्यांनी हातातलं ठिणगी तोडायचं बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं पेट्रोल बंद केलं. राखाडी चकतीतून एकेक सिलिंडर परत दिसू लागला.

“काय झालं मामा?” मालकांनी विचारलं.

“तांबडं.”

“कुठं तांबडं? निळं दिसतंय.”

“निळं तर हायच. निळ्याच्या कडंला बघा.”

पट्ट्यावर निळे ठिपके होते. त्यांतल्या काहींना केसाएवढी तांबडी किनार होती.

“आपल्या यादीत तांबडं न्हाई,” मामा म्हणाले. “म्हंजी ह्ये भाइरनं न्हाई आलं. आतनं आलंय.”

मालक घरात गेले, मुंबईला फोन करायला. जाणकार परवा येणार होते.

शेडच्या दारात मालकांच्या आई उभ्या होत्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. पंचाहत्तरीच्या असतील. त्या आत आल्या नाहीत. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “फिटरभाऊ, कुंकू तेलात आसंच दिसतं का वं?”

मामांनी हातातला पाना खाली ठेवला. “कपडा सोडला व्हता का आक्का?”

“सोडला. झाकल्या देवाला पुजायचं तरी कसं? आन् परत बांधला की, व्हता तसा.”

“अक्षता?”

“वाहिल्या.”

“किती?”

“चिमूटभर.”

“चिमूट म्हंजी किती?”

“चिमूट म्हंजी चिमूट! त्या काय कुनी मोजतं का?” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “ह्यो मला बोलंल वं. चार वर्सं ह्या गोळ्यासाठी जीव टाकलाय त्यानं. तुम्ही बी टाकला.”

मामांनी हात चिंधीला पुसले. मग म्हणाले, “आक्का, घरात जा. ताट आना, तांदूळ आना, कुंकू आना. आन् हात धुवू नगा.”

ताट आलं. मामांनी आक्कांना खंडेनवमीसारखीच चिमूट घ्यायला लावली आणि ताटात सोडायला सांगितली. मोजले. एकोणीस दाणे. पुन्हा. बावीस. पुन्हा. एकवीस.

“तुमचं बोट म्हंजी मायक्रोमीटर हाय,” मामा म्हणाले. आक्का पहिल्यांदा हसल्या.

मामा काहीच फेकत नसत. घडी करून ठेवलेल्या कपड्याच्या दुमडीत सहा दाणे निघाले. स्टँडखालच्या धुळीत तीन. मग पाच नंबर उतरवला. तांब्याच्या रिंगेखाली एक दाणा चिरडून पातळ झालेला होता, कुंकवासकट. तेवढ्या उंचवट्यानं सांधा सुटला होता. डब्याच्या आत, कडेला फेकले गेलेले नऊ. एकूण एकोणीस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबा पेट्रोलनं धुतला, हातानं पंखा फिरवला, पुन्हा धुतला. आणखी दोन आले. एकवीस. तिसऱ्यांदा धुतल्यावर काही आलं नाही. चौथ्यांदाही नाही.

“बाविसावा?” मी विचारलं.

“आसंल तर आत हाय. नसंल तर कवाच नव्हता.” ते रिंग नव्यानं मऊ करत होते. विस्तवावर तांबं लाल झालं होतं. तेवढं तांबडं त्यांना चालत असे. “आक्काची चिमूट एकोनीस ते बावीस. माझी खात्री एकवीस. मधलं एक हाय, ते उद्या कळंल.”

मालक आले तेव्हा आक्का दारातच होत्या. “सापडलं का?” मालकांनी विचारलं.

“सापडलं. पाच नंबरात भाइरची वस्तू गेली व्हती. मी गावाहून आलो, कपडा सोडला, पन गाठ बघितली न्हाई. माझ्या गाठीचं टोक खाली आसतं. ह्याचं वर व्हतं. तवाच थांबायला पायजे व्हतं.”

“मामा, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती.”

“व्हय,” मामा म्हणाले.

वहीत त्यांनी लिहिलं: पाच नंबर. बाहेरची वस्तू. काढली. गाठ तपासली नाही. चूक फिटरची. मला त्यांनी सांगितलं, “नोंदीत हाय तेवढंच छापायचं.” मी तेवढंच छापलं. बाकीचं आक्कांनी दिवाळीत स्वतःच मालकांना सांगितलं, म्हणून इथं लिहिता येतं.

सातव्या दिवशी जाणकार आले. पन्नाशीचे, मितभाषी, खिशात भिंग. मामांना बाजूला, उडत्या तेलाच्या रेषेत उभं राहिलेलं पाहून ते म्हणाले, “तिथे उभे राहू नका. काही सुटलं तर थेट तुम्हालाच लागेल.”

“म्हनून तर,” मामा म्हणाले.

शेडवरच्या गड्यानं पंखा ओढला. दुसऱ्या ओढीला इंजिन पेटलं. सिलिंडर नाहीसे झाले, चकती आली, चकतीतून भिंत दिसू लागली. मामा बटण दाबत आणि सोडत, तसा आवाज तुटे आणि पुन्हा जुळे. धुकं उन्हाच्या काड्यांत चढलं. मामांच्या शर्टावर छातीपासून खाली एक फिकट तपकिरी पट्टा उमटत गेला. ते शर्टाकडे बघत होते, इंजिनाकडे नाही. आक्का दाराबाहेर, उन्हात, डोळे मिटून उभ्या होत्या.

पंधरा मिनिटं झाल्याची खूण जाणकारांनी हातानं केली. मामांनी मान हलवली आणि बटण दाबलं नाही. आणखी एक मिनिट गेलं. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

पट्टा सोडून उन्हात पसरला. जाणकारांनी भिंग घेऊन तो हातभर हातभर पाहिला, मग मामांचा शर्ट पाहिला. निळं नव्हतं. तांबडं नव्हतं. कागदावर त्यांनी लिहिलं: सर्व सांधे कोरडे. मग विचारलं, “सोळावं मिनिट कशासाठी?”

“ते एकासाठी व्हतं,” मामा म्हणाले.

इंजिन शेडमध्ये राहिलं. पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, नागपूरला निघण्याआधी, मामांनी इंजिनापासून चार हातांवर जमिनीवर खडूनं एक रेघ मारली. आक्कांनी विचारलं, “हितवर?” मामा म्हणाले, “हितवर. देवाला दिसतंय हितनं.” दर वर्षी ते ही रेघ मारत. इंजिन दर वर्षी फिरे आणि ते त्याच जागी, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात उभे राहत.

सहा वर्षांनंतर, पावसाळ्याच्या शेवटी, मामा दौंडला आपल्या घरी वारले. नऊ पानं शिल्लक असलेली वही त्यांच्या मुलीनं मालकांना दिली. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका फिटरनं इंजिन पूर्ण उकललं. मालकांनी त्याला मधला डबा दोनदा धुवायला लावला. आत काही निघालं नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला रेघ आक्कांनी मारली, रांगोळीनं, पांढरी. कुंकू न लावलेल्या अक्षता त्यांनी रेघेवर वाहिल्या, नमस्कार केला, आणि मग खाली बसून त्या एकेक करून ताटात वेचल्या. एकवीस भरल्या.